पावसाच्या तालुक्यात टँकर

दापोलीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे उजाडला की डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून पाणी समुद्राला मिळते, विहिरी तळ गाठतात. नवी आंबा-काजूची कलमे पहिल्याच उन्हाळ्यात करपतात, हंडे वाहण्यात बायकांची मजुरी बुडते. पण दुष्काळाचे सरकारी निकष आधी पावसाची तूट पाहतात. त्यामुळे ही झळ कागदोपत्री केवळ ‘टंचाई’ ठरते.

टँकर हवाच, तहानलेल्या वाडीला तो नाकारणे क्रूरपणाचे होईल. जांभ्यात पाणी टिकत नाही, मग साठवण कशाला, हा आक्षेपही निराधार नाही. पण त्याचे उत्तर दापोलीतच आहे. 1972 साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने जलकुंडाचा मार्ग दाखवला: कलमांजवळ खड्डा, त्याला प्लॅस्टिकचे अस्तर, आणि साठवलेले पाणी उन्हाळ्यात रोपांना बेताबेताने. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना पैसा मिळाला. जलकुंड आणि वनराई बंधाऱ्यांनाही तो तितक्याच सहज मिळायला हवा. आणि वेळेवर. बंधारा पऱ्या, म्हणजे ओढा, वाहता असतानाच, पावसाळा सरताच घालायचा असतो. मंजुरी जानेवारीत आली तर अडवायला पाणी उरलेले नसते.