पाच दिवसांचे किरणोपचार

प्राथमिक अवस्थेतील स्तनकर्करोगाच्या, वैद्यकीय निकषांत बसणाऱ्या प्रत्येक रुग्णेला एका आठवड्याचे किरणोपचार सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत मिळालेच पाहिजेत, असे या पत्राचे ठाम मत आहे. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीच्या २०२० मधील निष्कर्षांनुसार, पाच मात्रांत २६ ग्रे (ग्रे म्हणजे ऊतींनी शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) दिल्याने त्याच स्तनात रोग उलटण्याचे पाच वर्षांतील प्रमाण, १५ मात्रांत ४० ग्रे देणाऱ्या तीन आठवड्यांच्या उपचारांपेक्षा वाढत नाही.

मावळातील शिरगावच्या स्त्रीला भातलावणीच्या हंगामात तीन आठवडे रोज शहर गाठणे म्हणजे मजुरी बुडणे आणि सोबत येणाऱ्याचीही बुडणे. शिवाय स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार बहुधा अटळ असल्याने, केवळ या खेपा टाळण्यासाठी संपूर्ण स्तन काढून टाकण्याचा पर्याय तिच्या माथी येऊ शकतो, आणि त्याला निवड म्हणणे ही थट्टाच होय. फक्त गाठीच्या जागेभोवती किरण देणारी आंशिक पद्धत मात्र कमी जोखमीच्या निवडक रुग्णांपुरतीच आहे, हे भान सुटू नये.

कमी खेपांमुळे रुग्णालयांचे नुकसान होऊ नये म्हणून राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील त्यांचा मोबदला खेपांच्या संख्येवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या उपचारावर ठरावा आणि पाच दिवसांची ही अल्पकालीन पद्धत योजनेत स्पष्ट शब्दांत नमूद व्हावी.