वायू आधी, प्रकाश नंतर

शेततळ्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला पहाटेची वेळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रात्रभर मासे, वनस्पती आणि सूक्ष्म जीव प्राणवायू वापरत राहतात, त्याची भर घालणारे प्रकाशसंश्लेषण मात्र थांबलेले असते. म्हणून सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. पाणवनस्पतींनी सजविलेले गोड्या पाण्याचे मत्स्यालय हे याच शेततळ्याचे लहान रूप होय. तेथे सूर्याची जागा दिव्याने घेतलेली असते, आणि कार्बन डायऑक्साइड वायू नळकांड्यातून बाहेरून सोडला जातो. नेमक्या याच ठिकाणी घड्याळ चुकते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश असल्यामुळे या विषयाकडे वळणाऱ्यांना विस्तार कार्यकर्त्यांकडून मार्गदर्शनाची अपेक्षा असते. मार्गदर्शनाचा भर मात्र बहुधा साधनांवर राहतो: नळकांडे किती किलोचे, दिवा किती वॅटचा, मिनिटाला बुडबुडे किती. वायू केव्हा सुरू करावा आणि केव्हा बंद करावा, हा बिनखर्चाचा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. परिणामी दिवा आणि वायू एकाच टायमरला जोडले जातात. ही सोय दिसते. प्रत्यक्षात ती चूक आहे.

कारण सरळ आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कर्बवायू लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असतो, तर सजावटीच्या मत्स्यालयात साधारण २० ते ३० मिलिग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले जाते. तेथवर पोहोचायला वायूला बहुधा एक ते दोन तास लागतात. शिवाय वायूंचा प्रसार हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो, म्हणून पानापर्यंत वायू पोहोचण्यासाठी पाणी खेळते असावे लागते. दिवा आणि वायू एकदमच सुरू झाले, तर पहिले दोन तास वनस्पतीवर प्रखर प्रकाश पडतो, पण तिला कर्ब अपुरा मिळतो. त्या काळात वनस्पतीची वाढ अडते आणि शेवाळाला संधी मिळते. मग शेवाळनाशक औषधे आणली जातात, वास्तविक टायमरचा काटा मागे घेणे पुरेसे असते.

किती मागे घ्यावा, याचे उत्तर प्रत्येक टाकीत वेगळे असते. ते मोजूनच काढावे. वायू सुरू केल्यावर दर अर्ध्या तासाने पाण्याचा सामू नोंदवावा. तो उतरत जाऊन ज्या वेळी स्थिरावेल, तेवढा वेळ दिव्याच्या आधी द्यावा. कपात २४ तास उघड्यावर ठेवलेल्या त्याच पाण्याच्या तुलनेत सामू एक अंकाने उतरला, तर कर्बवायू दहापट झाला असे समजावे. केवळ सामूच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. सामू ७ असताना अल्कधर्मिता लिटरला सुमारे ७० मिलिग्रॅम असेल, तर कर्बवायू १२ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. बोअरवेलच्या जड पाण्यात ती १८० असेल, तर त्याच सामूला तो ३० वर जातो. रंग बदलणारे दर्शक द्रावण उपयोगी आहे खरे, पण ते तास-दोन तास मागची स्थिती दाखविते.

बंद करण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. दिवा मालवण्यापूर्वी सुमारे तासभर वायू थांबवावा. पाण्यात उरलेला वायू वनस्पती वापरून टाकतात. संध्याकाळी टाकी पाहायची असेल, तर वायू दुपारी दीड ते रात्री नऊ आणि दिवा दुपारी तीन ते रात्री दहा, अशी मांडणी सोयीची ठरते. नव्या टाकीला सहा तासांचा प्रकाश पुरतो. खिडकीतून येणारे ऊनही हिशेबात धरावे.

वायू चोवीस तास चालू ठेवावा, म्हणजे सामू स्थिर राहतो आणि माशांवर ताण येत नाही, असे मानणारा एक पक्ष आहे. तो पटण्यासारखा नाही. तळ्यात प्रकाशसंश्लेषणामुळे सामू दिवसभरात एक अंकाहून अधिक बदलू शकतो आणि मासे ते सहन करतात. खरा धोका साठत जाणाऱ्या कर्बवायूचा आहे, आणि तो रात्रीच वाढतो. त्यात आपल्या उन्हाळ्याची भर. पाण्याचे तापमान २० अंशांवरून ३० वर गेले, की त्यात मावणारा प्राणवायू सुमारे ९ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो. माशांची गरज मात्र वाढते. साखर आणि यीस्टच्या बाटलीतून वायू घेणाऱ्यांना तो रात्री बंद करता येत नाही. त्यांनी निदान रात्री हवापंप चालवावा.

भारनियमनाच्या भागात आणखी एक पेच आहे. चक्री टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. दिवा इन्व्हर्टरवर आणि वायूची विद्युत झडप थेट विजेवर असेल, तर चार दिवसांत दोघांची वेळ पूर्ण बिघडते. बॅटरी असलेला डिजिटल टायमर येथे आवश्यक आहे. झडपही वीज गेल्यावर आपोआप बंद होणारीच घ्यावी.

प्रत्येक टाकीला नळकांडे हवेच, असेही नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधून कर्ब घेऊ शकतात. जड पाण्याच्या गावात सुरुवात त्यांच्यापासून करणे शहाणपणाचे. अशा वायुविरहित टाकीत दिवा चार-चार तासांच्या दोन पाळ्यांत लावला, तर मधल्या विश्रांतीत पाण्यातील कर्बवायू काही प्रमाणात भरून येतो. वायू सोडलेल्या टाकीत मात्र या विश्रांतीने काही साधत नाही.