सही तुमची, कारभारही तुमचाच

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, की घरात बैठक बसते. दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही फक्त अर्जावर सही करा, पुढचं आम्ही पाहतो." चहाचे कप गोळा करता करता आपण 'बरं' म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, तिथंच थांबा. नगरपालिकेच्या कागदावर सही तुमची, तर उद्या जाबही तुम्हांलाच विचारला जाणार.

१९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्मं झालं. शिवाय खुल्या जागेवरूनही बाईला उभं राहता येतं, बरं का! राखीव वॉर्ड मात्र फिरते असतात. पुढच्या खेपेला तुमचा वॉर्ड राखीव असेलच असं नाही. तेव्हा उपयोगी पडेल ते तुम्ही स्वतः केलेलं काम.

आणि हे काम तरी कसलं? पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे. गाव वाढतं, शेतांचे प्लॉट पडतात, बंगले उठतात. पण नळाला पाणी कधी येतं आणि घंटागाडी किती दिवस आली नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? मृणाल गोरे १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्या इतक्या झगडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले.

तेव्हा जरूर उभ्या राहा. पण अर्ज भरण्याआधी एवढं पाहून घ्या:

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि गावच्या मतदारयादीत नाव हवं. माहेरचं आणि सासरचं नाव यांचा घोळ असेल तर तो आधीच मिटवा. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नको. जागा जातीसाठीही राखीव असेल तर दाखल्यांच्या मागे वेळेत लागा. अपत्यांच्या संख्येची अट नीट विचारून घ्या. घरातलं कुणी नगरपालिकेची कंत्राटं घेत असेल तर वकिलांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. प्रतिज्ञापत्रात मालमत्ता लिहावी लागते. कुणी भरून दिलं तरी ओळ न् ओळ वाचा.

खर्चाला मर्यादा असते. किराण्याची वही ठेवतो तशी रोजच्या रोज वही ठेवा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही तर अपात्र ठरण्याची पाळी येते. हे काम 'पुढचं आम्ही पाहतो' म्हणणाऱ्यांवर सोडू नका.

निवडून आलात तर सभेआधी येणारी विषयपत्रिका वाचा. न कळलेलं मुख्याधिकाऱ्यांना विचारा; त्यात कमीपणा कसला? अंदाजपत्रकात आपल्या वॉर्डाला काय आलं ते शोधा. विकास आराखड्यात शाळेसाठी, बागेसाठी राखलेली जागा कोणती, तेही पाहून ठेवा. वाढत्या गावात अशी मोकळी जागा एकदा गेली, की पुन्हा मिळत नाही.

राहिला घरचा प्रश्न. सभेच्या दिवशी कुकर कोण लावणार, सासूबाईंची औषधं कोण देणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हे अर्ज भरण्याआधीच ठरवून टाका. सगळं सांभाळून जमेल तेवढं करीन म्हटलंत, तर आधी सुटते ती सभाच.

यजमानांना आणि दीरांना बाजूला सारा असं मी म्हणत नाही. प्रचारात त्यांची साथ हवीच. पण गोडीनं, स्पष्ट सांगा: "सोबत या, सल्ला द्या. सभेला मात्र मीच जाणार, आणि वाचल्याशिवाय सही करणार नाही." एवढं घरात कबूल झालं, की मग खुशाल अर्ज भरा.