बंद दार आणि कोरा रकाना

२ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे जो सत्याग्रह आरंभला, त्याच्यासमोर निदान बंद केलेले दार तरी होते, आणि त्या दाराशी बसणाऱ्यांना अटक करून सरकारला आपला पक्ष उघड करावा लागला. समलिंगी विवाहाच्या प्रश्नात मात्र मोडावा असा मनाईहुकूमच मुळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर असे सहजीवन गुन्हा उरलेले नाही, आणि गोदाकाठी दोघींनी परस्परांना हार घातले तर फौजदारालाही दखल घेण्याचे प्रयोजन नाही. अडते ते निबंधकाच्या कचेरीत, जिथे १९५४ चा विशेष विवाह कायदा वराची आणि वधूची प्रतिज्ञा निरनिराळी मागतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय विधिमंडळाचा ठरविला, हे आम्हांस रुचले नाही. तथापि एखाद्या कनवाळू निबंधकाने कायदा डावलून सही ठोकावी, हा त्यावरील इलाज नव्हे, कारण ती नोंद वारसाहक्काच्या दाव्यात टिकणार नाही, आणि उद्या दुसरा निबंधक आंतरजातीय जोडप्यापुढे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी पुढे करील. शिधापत्रिकेपुरते अशा जोडप्यांना एक कुटुंब मानावे, असे केंद्रानेच २०२४ मध्ये राज्यांना कळविले आहे. उरलेल्या हक्कांचा तगादा आता संसदेकडेच लावला पाहिजे.