जग साठवायचे की सांगायचे?

रोलप्लेइंग गेम नावाचा खेळ आमच्या विद्यार्थ्यांमध्ये आता रुजला आहे, आणि मराठीच्या अध्यापकांनी त्याकडे पाठ फिरवण्याचे दिवस संपले आहेत असे आम्हाला वाटते. चार-पाच जण एकत्र बसतात, त्यांतला एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि फाशांच्या कौलाने कथा पुढे सरकते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या खेळात एक प्रथा चालत आली आहे. सूत्रधार आपले जग स्वतः रचतो. अर्नसनचे 'ब्लॅकमूर' आणि गायगॅक्सचे 'ग्रेहॉक' ही जगे आधी घरच्या टेबलावर खेळली गेली, छापली गेली ती नंतर. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण आजची संगणकीय साधने तो उलटा करू पाहतात आणि आमचे भांडण आहे ते या उलट्या क्रमाशी.

ही साधने पुष्कळ आहेत. २००७ मध्ये 'ऑब्सिडियन पोर्टल' आले, २०१७ मध्ये 'वर्ल्ड अँव्हिल'. 'कांका' आहे, 'लेजंडकीपर' आहे, आणि नुसत्या टिपणांसाठी असलेले 'ऑब्सिडियन'ही सूत्रधार मंडळी या कामी वापरतात. सर्वांची रीत साधारण सारखीच. प्रत्येक गावाला, घराण्याला, देवाला एकेक पान, पानापानांत दुवे, नकाशावर टाचण्या, कालपट, आणि कोणते पान खेळगड्यांना दिसावे, कोणते केवळ सूत्रधाराला, याची सोय. तिचा उपयोग आम्ही नाकारत नाही. एक गडी पनवेलला, दुसरा पुण्याला, तिसरा नोकरीनिमित्त परदेशी, आणि दोन बैठकींत महिन्याचे अंतर, अशा परिस्थितीत मागे काय घडले ते कुठेतरी लिहिलेले हवेच. साधन ही स्मरणाची काठी असेल तर आमची तक्रार नाही. पण काठीच जेव्हा चालू लागते आणि माणूस तिच्यामागून फरफटत जातो, तेव्हा बोलणे भाग पडते.

आम्ही पाहतो ते असे. विद्यार्थी सहा-सहा महिने पाने भरत बसतो. राजवंशांच्या सात पिढ्या, नाण्यांचे तीन प्रकार, दोन चंद्रांचे पंचांग. खेळ मात्र सुरू झालेला नसतो. पुष्कळदा तो सुरू होतच नाही. झालाच, तर गड्यांना पहिल्या बैठकीआधी चाळीस पानांचा दुवा पाठवला जातो आणि त्यांनी तो वाचला नाही म्हणून सूत्रधार रुसतो. इंग्लिश कादंबरीकार एम. जॉन हॅरिसन यांनी २००७ मध्ये विश्वरचनेच्या या हव्यासावर कडाडून टीका केली होती. त्यांचा रोख कादंबरीवर होता. खेळाला तो अधिकच लागू पडतो, कारण कादंबरीच्या वाचकाला निदान गप्प बसून वाचायचे असते. खेळगड्याला त्या जगात बोलायचे असते, चुकायचे असते, त्याला बदलायचे असते. सारे आधीच भरून ठेवलेल्या जगात त्याने पाय कुठे ठेवायचा?

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी पनवेलजवळच्या कोनकडे पाहावे. तिथे गिरणी कामगारांसाठी सुमारे २,४०० घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. यादीत नावे आली, इमारती उभ्या होत्या. चाव्या हाती यायला मात्र कित्येक वर्षे गेली, आणि मधल्या काळात, २०२० च्या साथीत, तीच घरे विलगीकरणासाठी वापरली गेली. नोंद होती, नकाशा होता, वास्तूही होती; नव्हती ती वस्ती. या कामगारांच्या दुःखाची तुलना आम्ही खेळाशी करत नाही. पण नोंदले जाणे आणि नांदते होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या परिसरात शिकवणाऱ्यांना कुणी वेगळे समजावून द्यावे लागत नाही. न खेळलेले जग असेच असते : पाने सगळी, माणूस एक नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि आमच्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. ही साधने पान रिकामे देत नाहीत, साचा देतात. वंश, वर्ग, राजवट, धर्म, संघटना अशा रकाने पाडलेल्या चौकटी तयार असतात, आणि त्या ज्या वाङ्मयातून आल्या त्याचे जग आपल्यासोबत आणतात. कोन, पळस्पे, शिरढोण या पट्ट्यातला मुलगा जग रचायला बसतो. उशाला कर्नाळ्याचा सुळका आहे, गाढी नदी आहे, मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या वाटा जिथे फुटतात तो फाटा आहे, घरात आगरी बोली आहे. पण त्याच्या जगात उतरतात ते मद्यगृहाचे मालक, चोरांचे संघ आणि दाढीवाले बुटके. दोष मुलाचा नाही. साच्यात 'भाषा' असा एकच रकाना आहे; त्यात तो एक नाव लिहितो आणि मोकळा होतो. आजीशी आगरीत, मास्तरांशी पुस्तकी मराठीत आणि वाटेवरच्या ट्रकवाल्याशी हिंदीत बोलणारा एकच माणूस त्या रकान्यात मावत नाही. नात्यांचेही तसेच. मामा आणि काका यांत फरक न करणाऱ्या वंशवृक्षावर मराठी घराण्याचे वैर कसे रंगणार? कोण कुणाला 'अरे' म्हणतो आणि कुणाला 'अहो', यावर आपल्याकडे अर्धी कथा चालते. त्यासाठी साच्यात जागा नाही, म्हणून ती कथाही सुचत नाही.

यावर कुणी म्हणेल की साधने परकी, तेव्हा साचेही परकेच असणार. आपल्याकडे असे काही होते कुठे? होते. मराठी गद्याच्या आरंभीच ते आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरून प्रत्यक्षदर्शींना विचारले आणि ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. त्यातून 'लीळाचरित्र' झाले. पुढे 'स्थानपोथी'त त्या लीळांची ठिकाणे नोंदवली गेली : देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, स्वामी कुठे बसले. श्रद्धावंतांच्या लेखी ही कल्पित जगे नव्हेत, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. आम्ही बोलतो आहोत ते केवळ स्मरणाच्या व्यवस्थेबद्दल. या व्यवस्थेत लीळा आधी आणि स्थान नंतर. स्थानाला पान मिळाले ते तिथे काही घडले म्हणून.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 'वासना'. एखादी लीळा दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली, तर महानुभाव ग्रंथकार दुसरा पाठ पुसून टाकत नाहीत. अमुकाची वासना अशी, म्हणून तोही नोंदवतात. आजच्या साधनांचा कल याच्या नेमका विरुद्ध आहे. तिथे प्रत्येक गोष्टीचे एकच अधिकृत पान असते, त्याचा धनी सूत्रधार, आणि गड्याला वेगळे आठवत असेल तर गड्याची चूक. खरे तर एकाच लढाईच्या चार गड्यांकडच्या चार आठवणी हीच त्या जगाची श्रीमंती असते. चारही नावानिशी लिहून ठेवणारे पान कोणत्याही साधनात आजही तयार करता येते. त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. सूत्रधाराने धनीपण सोडण्याची तयारी तेवढी हवी.

गुप्त पानांचेही थोडे बोलू. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकले. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडेपर्यंत मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिले. पंथाला झाकण्याची कारणे होती. सूत्रधाराला कोणते आहे? खेळातले रहस्य हे उलगडण्यासाठी असते. ज्याचा उलगडा खेळात कधीच होणार नाही असे पान म्हणजे सूत्रधाराने स्वतःशीच केलेले बोलणे होय.

शेवटचा प्रश्न टिकण्याचा. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले आणि लक्षावधी हौशी पाने गेली. गूगल प्लस २०१९ मध्ये मिटले. तिथे या खेळाची मोठी मंडळी जमलेली होती. आज ज्या साधनावर आमचे विद्यार्थी वर्गणी भरून पाने रचताहेत, ते वीस वर्षांनी असेल असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथीही परंपरेप्रमाणे स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाली. पण ती पुन्हा उभी राहिली, कारण हिराइसेसारख्या शिष्यांना लीळा मुखोद्गत होत्या. ज्या जगाच्या लीळा कुणाच्याच तोंडी नाहीत, ते जग सर्व्हर बंद पडल्यावर कोण उभे करील?

आमच्या काही सहकाऱ्यांना हा सगळा प्रपंच पोरकट वाटतो. वर्गात शिकवायला का हा विषय, असे ते विचारतात. आमचा प्रतिप्रश्न असा की, निबंधाची दोन पाने लिहिताना ज्यांचे हात दुखतात तीच मुले स्वेच्छेने शंभर पाने लिहीत असतील, तर ती कोणत्या मराठीत लिहितात, किंवा मुळात मराठीत का लिहीत नाहीत, हे पाहणे आमचे काम नव्हे काय? या मुलांना संपादक हवा आहे आणि तो त्यांना साधनाच्या रूपाने मिळाला आहे, आपण नकार दिल्यामुळे.

म्हणून सूत्रधार होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. साचे बाजूला ठेवा, कोरे पान घ्या. पहिल्या बैठकीपूर्वी एका गावापुरते लिहा, तेही आपल्या बोलीत. पुढचे पान खेळात काही घडल्यावरच उघडा. ते गड्यांकडून लिहवून घ्या, वासना नोंदवा, आणि वर्षातून एकदा सारे कागदावर छापून प्रत्येकाच्या घरी एकेक प्रत ठेवा. साधन कोणते वापरायचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.