रोगाची वर्दी आणि माहितीची राखण

सार्वजनिक आरोग्याचे कायदे एका दप्तरांत आणि माहितीच्या सुरक्षिततेचे कायदे दुसऱ्या दप्तरांत, अशी सरकारी कामाची वाटणी आहे. आणि या दोहोंचा परस्परांशीं फारसा संबंध नाहीं, असाच सामान्य समज आहे. कास्तकारानें आपल्या गोठ्याकडे पाहिलें तर हा समज टिकणार नाहीं. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगाची सांथ आपल्या राज्यांत पसरली, त्या वेळीं बैलाच्या अंगावर पहिली गांठ दिसतांच मालकापुढें प्रश्न उभा राहिला तो हाच कीं, ही गोष्ट सांगावी कीं झांकावी? जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर आपल्या चौथ्या कलमांत देऊन ठेविलें आहे. रोगाचा संशय येतांच मालकानें गांवच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस वर्दी दिली पाहिजे. परंतु कलम आहे म्हणून बैलाचा मालक बोलूं लागत नाहीं. वर्दी दिली कीं जनावर गांवाबाहेर नेतां येणार नाहीं, बाजारांत उभें करतां येणार नाहीं, आणि दूध घेणारा कांहीं दिवस दाराशीं फिरकणार नाहीं, हें त्यास पुरतें ठाऊक असतें.

त्या वर्षीं सरकारनें मेलेल्या दुभत्या गाईमागें ३०,००० रुपये, बैलामागें २५,००० रुपये व वासरामागें १६,००० रुपये देऊं केले. पंचनाम्यावांचून ती रक्कम मिळत नसल्यामुळें नोंद करविणें मालकाच्याच हिताचें झालें. रक्कम पुरेशी होती असें आम्ही म्हणत नाहीं. चांगली खिल्लारी जोडी काय किंमतीस पडते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु कायद्यानें धाकाबरोबर कांहीं हातींहि ठेविलें, आणि येथेंच त्याचें शहाणपण आहे. जो कायदा रयतेकडून माहिती मागतो, त्यानें ती माहिती देणाऱ्याचें नुकसान आपल्या अंगावर घेतलें पाहिजे. नाहींतर त्यास माहिती मिळत नाहीं, आणि मिळाली तर खोटी मिळते.

जनावरांच्या बाबतींत जें सरकारास उमगलें, तें माणसांच्या बाबतींत उमगण्यास फार काळ लागला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत गांठीच्या तापाची सांथ उघडकीस आली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा मंजूर झाला. अवघीं चार कलमें. पहिल्यांत कायद्याचें नांव, दुसऱ्यांत सरकारास वाटेल तो उपाय योजण्याची मुभा, तिसऱ्यांत हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा, आणि चौथ्यांत हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण. रोग्याच्या घरची माहिती घेतल्यावर तिचें काय करावें, ती कोणास कळवूं नये, रोग्याच्या सामानसुमानाची राखण कोणी करावी, याविषयीं सरकारावर बंधन घालणारें पांचवें कलम त्यांत नव्हतें. पुण्यांत त्या कायद्याचा अंमल रँडसाहेबांच्या हातीं आला व गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले. एकाद्या घरांत आजारी माणूस आहे असें कळलें, कीं तें माणूस इस्पितळांत, घरचीं माणसें छावणींत, आणि सामान रस्त्यावर. कित्येकदां जाळलेंहि जाई. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोकांनीं आजारी माणसें माळ्यावर व कोठारांत दडविलीं, प्रेतें रातोरात व गुपचूप पुरलीं, आणि ज्यांस शक्य होतें ते रोग अंगांत घेऊन खेड्यांकडे निघाले. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें हें महाराष्ट्रास पाठ आहे. त्याविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, रोग शोधण्यासाठीं केलेल्या कायद्यानें रोग लपविण्यास लाविलें. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस डॉ. हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली आणि मग लोकांस टोंचून घेण्यास सांगितलें. झडतीच्या कायद्यास जो विश्वास कधीं मिळाला नाहीं, तो त्या एका सुईनें पुष्कळांकडून मिळविला.

हाच कायदा सव्वाशें वर्षांनीं कोरोनाच्या सांथींत पुन्हां बाहेर काढावा लागला. मार्च २०२० मध्यें आपल्या राज्यांत घरीं वेगळें राहण्यास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारण्यांत आला. हेतु वाईट नव्हता. असा माणूस आगगाडींत बसला तर ओळखूं यावा एवढाच होता. परंतु तो शिक्का तपासनिसाबरोबर शेजाऱ्यानेंहि वाचला, दुकानदारानेंहि वाचला. त्याच वर्षीं एप्रिलांत वटहुकुमानें कायद्यास दुरुस्ती झाली. डॉक्टर व परिचारिका यांजवर हात टाकणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद ठरली, आणि ती योग्यच ठरली. मात्र रोग्याचें नांव गुप्त राखण्याविषयीं त्या दुरुस्तींत अक्षरहि नव्हतें. १८९७ सालीं जें पांचवें कलम राहिलें, तें २०२० सालींहि राहिलें.

हें कलम लिहितां येत नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. एच्‌. आय्‌. व्ही. च्या रोग्यांसाठीं २०१७ सालीं संसदेनें जो कायदा केला व जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, त्यांत तें लिहिलेलें आहे. रोग्याच्या संमतीवांचून त्याची तपासणी करूं नये, कायद्यानें सांगितलेले प्रसंग वगळतां त्याचा रोग दुसऱ्यास कळवूं नये, आणि ज्या संस्थेजवळ अशा नोंदी असतील तिनें त्या सुरक्षित राखण्याची तजवीज करावी, अशीं स्पष्ट बंधनें त्यांत आहेत. या रोगावरचें औषध सरकारी रुग्णालयांत २००४ पासून मोफत मिळूं लागलें होतें. औषध असूनहि माणूस पायरी चढत नाहीं, कारण गांवांत नांव फुटण्याचें भय त्यास रोगाहून मोठें वाटतें, हें ओळखूनच कायदा करणारांनीं हीं कलमें घातलीं असावीं. क्षयरोगाच्या बाबतींत वाट थोडी निराळी आहे. २०१२ पासून प्रत्येक रोग्याची नोंद सरकारास कळविणें डॉक्टरांवर बंधनकारक झालें. २०१८ सालीं न कळविणारास शिक्षेची भीति घातली गेली. आणि त्याच वर्षीं रोग्यास पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये देणें सुरू झालें, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सक्ति डॉक्टरावर आणि पैसा रोग्यास, ही वांटणी आम्हांस पसंत आहे.

आतां आपल्या शेताच्या बांधावर येऊं. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन नांवाचें कीटकनाशक धान्याच्या पिठांत मिसळलें जाऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या प्रकरणाच्या चौकशींतून पुढें १९६८ चा कीटकनाशकांचा कायदा जन्मास आला. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा चौकोन हा त्या कायद्याखालील नियमांचा प्रसाद आहे. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य, हें फवारणी करणाऱ्या मजुरासहि ठाऊक असलें पाहिजे. त्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमानें राज्य सरकारास असा अधिकार दिला आहे कीं, फवारणीच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळविणें कोणत्याहि वर्गाच्या लोकांवर बंधनकारक करावें. कलम जुनें आहे. तथापि २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणारीं माणसें रुग्णालयांत येऊं लागलीं तेव्हां ऑक्टोबर लागतां लागतां कोठें राज्यभर बोभाटा झाला, आणि तोंपर्यंत कित्येक घरचे कर्ते पुरुष गेले होते. पहिल्या दहा रोग्यांची बातमी वेळीं फुटती, तर पुढील फवारण्या थांबत्या. येथें मात्र गुप्ततेची बाजू उलटते. मजुराचें नांव झांकावें, पण औषधाचें नांव, गांव आणि दिवस हीं चावडीवर लावावीं. माहिती राखणें म्हणजे सर्वच माहिती कुलुपांत घालणें नव्हे; कोणती राखावी व कोणती दवंडी पिटून सांगावी, हा विवेक कायद्यानें करावयाचा असतो.

वर्दीचा हाच प्रश्न आज संगणकांतील नोंदींविषयीं उभा आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर चोरट्यांनीं हल्ला केला, आणि देशांतील त्या अग्रगण्य रुग्णालयांत बरेच दिवस रोग्यांच्या नोंदी हातानें कागदावर कराव्या लागल्या. नोंदींची चोरी ही आरोग्याचीच बाब आहे हें त्या दिवसांत ताटकळलेल्या रोग्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाहीं. असा हल्ला झाल्यास सहा तासांच्या आंत वर्दी द्यावी, असा हुकूम केंद्र सरकारच्या संबंधित यंत्रणेनें त्याच वर्षीं एप्रिलांत काढला होता. पुढें २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें नोंदींची नीट राखण न करणारास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि चोरीची वर्दी न देणारास २०० कोटींपर्यंत दंड ठेविला, व ज्याची माहिती गेली त्या माणसासहि कळविलें पाहिजे असें ठरविलें. हे आंकडे पाहून समाधान वाटतें. पुण्याचा गरीब गृहस्थ घर उद्ध्वस्त होईल म्हणून रोगी दडवीत होता. मोठी कंपनी अब्रू जाईल म्हणून चोरी दडविते. पहिल्यास भरपाई पाहिजे होती, दुसरीस दंडच पाहिजे.

परंतु या दंडाचा पैसा जातो कोठें? तो सगळा भारताच्या संचित निधींत जमा होतो. ज्याच्या घरची माहिती चोरीस गेली त्याच्या हातीं त्यांतून एक छदामहि येत नाहीं. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० च्या कायद्यांत त्रेचाळीस-अ या कलमानें अशा माणसास नुकसानभरपाई मागण्याची सोय होती; नव्या कायद्यानें तें कलमच वगळण्याची तजवीज केली. उलट, आपलें कर्तव्य न पाळणाऱ्या सामान्य माणसास १०,००० रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. शिवाय सरकारास आपल्या वाटेल त्या शाखेस अधिसूचनेनें या कायद्यांतून सूट देतां येते. बैल मेला तर मालकास पंचवीस हजार आणि मालकाची माहिती गेली तर मालकास नुसता निरोप, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब आम्हां शेतकऱ्यांशीं किती लागून आहे पहा. आपल्या राज्यांत शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी झाली, आणि २०२५ पासून कृषिखात्याच्या योजनांसाठीं तो क्रमांक मागितला जाऊं लागला. त्यास आधार जोडलेला, सातबारा जोडलेला, मोबाइल जोडलेला. आरोग्याच्या नोंदींसाठीं चौदा आंकडी क्रमांक निराळाच आहे. एकाच खातेदाराची जमीन, पीक आणि दुखणें हीं दोन क्रमांकांपलीकडे उभीं आहेत. त्याच्या अंगांत कोणता रोग आहे हें सावकारास, विमेवाल्यास किंवा जमिनीच्या दलालास कळलें तर काय भावानें सौदा होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व मुख्य कर्तव्यांस अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ही मुदत कंपन्यांनीं तयारी करावी म्हणून दिलेली आहे. ती शेतकऱ्यांच्या संघांनींहि वापरावी.

गांवोगांवच्या सोसायट्यांच्या कपाटांत व संगणकांत सभासदांच्या आधारकार्डांच्या प्रती पडलेल्या असतात, आणि त्या कोण पाहतो याचें टिपण क्वचितच कोठें असेल. संस्थेच्या पुढील साधारण सभेपुढें आम्ही तीन मागण्यांचा ठराव ठेवणार आहों. सभासदाची नोंद कोणी व कोणत्या कामासाठीं उघडली याची वही सभासदास पाहतां यावी. संमतीचा कागद मराठींतच असावा, कारण आठव्या अनुसूचींतील भाषेंत तो मागण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. आणि त्रेचाळीस-अ कलमाच्या जागीं, निदान आरोग्याच्या नोंदींपुरती, नुकसानभरपाईची तरतूद व्हावी म्हणून आपल्या खासदारांस लिहावें. ठरावाचा मसुदा कार्यालयांत पाहावयास ठेविला आहे. ज्यांस त्यांत फेरफार सुचवावयाचा असेल त्यांनीं तो सभेच्या आठ दिवस आधीं लेखी कळवावा.