जमीन मे महिन्यात बघा, रस्ता जुलैत



गेल्या महिन्यात इंदूरहून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा फोन आला. वय बेचाळीस, कॉम्प्युटरमधली चांगली नोकरी, बायको शिक्षिका, एक मुलगी. म्हणाला, "काका, आता पुरे झालं. तीन एकर घेतो, आपलं धान्य, आपली भाजी, आपलं दूध. कुणावर अवलंबून राहायचं नाही. तुम्ही जन्मभर शेतीकर्जं बघितलीत आणि आता स्वतः गावात राहताय. सांगा, कुठं घेऊ? कोकणात बघतोय, आमचं मूळ तिकडचंच."

मी म्हटलं, दोन दिवस दे, लिहून पाठवतो. लिहायला बसलो आणि लांबलं. आपल्या समूहात बऱ्याच घरांत हा विषय चालू आहे असं दिसतं, म्हणून इथंच टाकतोय. सांभाळून घ्या.

मी बेळगावचा. 1972 चा बी.कॉम. राष्ट्रीयीकृत बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी बाहेर: इंदूर, वडोदरा, मडगाव, हैदराबाद. जिथं गेलो तिथं आपली मराठी घरं भेटली, म्हणून तर हा समूह मला घरासारखा वाटतो. 2011 ला निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी खानापूर तालुक्यात घाटाच्या बाजूला दोन एकर जमीन घेतली. आयुष्यातला माझा सगळ्यात चुकलेला व्यवहार तो. त्याची गोष्ट पुढं सांगतो. आधी हिशेब, कारण जन्मभर तेच केलं.

तिघांच्या घराला महिन्याला साधारण पंचवीस किलो धान्य लागतं, म्हणजे वर्षाला तीन क्विंटल. आमच्याकडं एकरी पंधरा क्विंटल भात आलं तर गिरणीतून नऊ-साडेनऊ क्विंटल तांदूळ हातात येतो. म्हणजे वर्षाच्या तांदळाला तेरा-चौदा गुंठे पुरेत. तेल महिन्याला दोन लिटर धरलं तर वर्षाला साठ किलो शेंगदाणा गाळावा लागेल, त्याला सहा-सात गुंठे. कडधान्य आणि भाजी धरून तीस गुंठ्यांच्या आत काम होतं. तीन एकर लागतच नाहीत. तीन एकर घेतले तर गडी लागतात. गडी आले की पगार आला, पगार आला की परत नोकरी आली, फक्त या वेळी दुसऱ्याची.

खरा हिशेब पाण्याचा. उन्हाळ्यात एका गुंठ्यावरची भाजी रोज चारशे ते पाचशे लिटर पाणी पिते. पाच गुंठे लावले तर दोन-अडीच हजार लिटर, तेही रोज. एका म्हशीला साठ-सत्तर लिटर. आमच्या बाजूला पाऊस भरपूर, पण तो येतो जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने पाणी कुठून येणार, हा प्रश्न जागा बघायला जाणारे लोक विचारत नाहीत. मीही विचारला नाही.

मी जमीन बघितली ऑक्टोबरमध्ये. कोपऱ्यातून झरा वाहत होता, समोर डोंगर हिरवागार, खाली धुकं. ही म्हणाली होती, "अहो, एकदा उन्हाळ्यात येऊन बघू की." मी म्हटलं, तोवर जमीन जाईल. नऊ लाखाला सौदा केला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झरा आटला. मग साडेचार लाखाची विहीर. जांभ्या दगडात चाळीस फूट गेलो तेव्हा पाणी लागलं, पण मे महिन्यात तेही दिवसाला तासभर मोटर चालेल एवढंच.

मग गवे आले. भात पोटरीला आलं की रात्री गवे, दिवसा माकडं. खालच्या वाडीतले लोक रताळी लावायचे का बंद झाले हे मला तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, गावात काय पिकतं ते विचारू नका, ते कुणीही सांगतं. काय पेरायचं सोडलं आणि का, ते विचारा.

मी तारेचं कुंपण घातलं. एक लाख साठ हजार. वाडीतले एक म्हातारबाबा दोनदा येऊन सांगून गेले, "सायेब, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आमची वाट हितनंच हाय. वरच्या अंगाला थोडं सोडा." मी त्यांना नकाशा दाखवला. सर्व्हे नकाशात वाट नव्हती. बँकेत आम्हाला शिकवलंय ना, कागदावर नाही ते नाही. ते काही बोलले नाहीत. निघून गेले.

जुलै 2016. तीन दिवस संततधार. रात्री अकराच्या सुमाराला हिला दम लागला. झोपलं की जीव घाबरा, बसलं की थोडं बरं. फोनला रेंज नाही. गाडी दारात, पण नाल्यावरच्या फरशीवरून कमरेएवढं पाणी चाललेलं. मी टॉर्च घेऊन त्या पावसात सव्वा किलोमीटर खाली वाडीत गेलो. कुणाचं दार वाजवावं हे सुद्धा मला ठाऊक नव्हतं. चार वर्षांत कुणाच्या घरी मी चहाला बसलो नव्हतो.

पाचजण आले. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, हिला बसवलं, वर इरलं धरलं. फरशी बंद, म्हणजे वरच्या वाटेनंच जायला हवं. कुंपणापाशी आलो. पुढच्या पोरानं मागं वळून विचारलं, "काका, तार तोडू काय?"

तो त्या म्हातारबाबांचा मुलगा.

पाऊण तास त्यांनी हिला खांद्यावर नेलं. वरच्या डांबरी रस्त्याला एकानं जीप आणून ठेवली होती. खानापुरात ऑक्सिजन लावला, पहाटे साडेचारला बेळगावात पोचलो. फुप्फुसात पाणी झालं होतं. वाचली. नऊ दिवसांनी घरी आली आणि शांतपणे म्हणाली, "मी तिथं परत राहायला जाणार नाही. तुम्हाला जायचं असलं तर जावा."

मी पैसे घेऊन वाडीत गेलो. म्हातारबाबांनी हात लावला नाही. एवढंच विचारलं, "कुंपण परत घालणार काय?" मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी जमीन विकली, तोटा सोसून, आणि खरेदीखतात ती वाट चतुःसीमेसकट लिहून दिली. माझ्या सगळ्या कागदांत तेवढा एक कागद मला बरा वाटतो.

आता मुद्द्यावर येतो. "कुणावर अवलंबून राहायचं नाही" या वाक्याशीच माझं भांडण आहे. आपण म्हणतो, पूर्वी गावं स्वयंपूर्ण होती. होती, पण गाव स्वयंपूर्ण होतं, घर नव्हे. म्हणून तर बारा बलुतेदार होते. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी ही सगळी माणसं होती तेव्हा घर चालायचं. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, तो विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण एकट्या घरानं तारेच्या आत सगळं पिकवायचं ही कल्पना गावातली नाहीच, ती शहरात बसून सुचलेली. आणि त्या काळीही मीठ घाटाखालूनच वर यायचं.

म्हणून जागा निवडताना माझा क्रम असा. पाणी मे महिन्यात बघा. रस्ता जुलैत बघा. माणसं बाराही महिने बघा. हे तिन्ही जमलं तर शेवटी जमीन बघा, आणि दृश्य बघूच नका. दृश्याची सवय महिन्याभरात होते, पाण्याच्या टंचाईची होत नाही.

मे महिन्यात गेलात की शेजारच्या विहिरीत डोकावा. बोअर असली तर किती फुटाची आणि आधीची का सोडली, ते विचारा. 1924 चं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, त्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली. अधिवेशन काही दिवसांत संपलं, मांडव गेले, विहिरीला आम्ही अजून काँग्रेस विहीर म्हणतो. राहून गेलं ते पाणी. जुलैत गेलात की 108 ची गाडी दारापर्यंत येते का ते बघा, गाडी न येण्याचे दिवस वर्षात किती ते दुकानदाराला विचारा. घेण्याआधी तिथं वर्षभर भाड्यानं राहा. भाडं वाया जाईल म्हणता? माझे किती गेले ते वर लिहिलंय.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्रात 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, गुजरातेतही तसंच. कर्नाटकात 2020 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. मध्य प्रदेशात अशी अट नाही. गोव्यात 2023 च्या कायद्यानं भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आलं. आमच्याकडं सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर 11-ई नकाशा झाल्याशिवाय इसार देऊ नका. उताऱ्यावरची सगळी नावं वाचा, मुंबईत असलेल्या बहिणीचं सुद्धा. आणि जे उताऱ्यावर नसतं, वाट, पाण्याची पाळी, देवाची जागा, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. हे शेवटचं मला बँकेनं शिकवलं नाही.

आता इंदूरच्या पोराला, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना. तुझं मूळ कोकणातलं हे खरं, पण तुमचं घर होळकरांच्या काळात तिकडं गेलं. कोकणात तुझं आडनाव ओळखीचं आहे, तू नाहीस. उलट देवासच्या बाजूला तुझ्या वडिलांनी कर्जं दिलेली माणसं आहेत, तुला माळवी बोलता येतं, तुझ्या मुलीची मामी अर्ध्या तासावर आहे. तिथं पाणी कमी हे मला माहीत आहे. एकेकाळी देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण त्याच देवास जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी गावोगाव शेततळी खोदली. ज्या गावात अशी तळी धरून आहेत तिथं दीड-दोन एकर बघ. वडोदऱ्याच्या, हैदराबादच्या, गोव्याच्या मंडळींनाही तेच सांगेन. आपण तीन-चार पिढ्या जिथं राहिलो, जिथली भाषा बोललो, जिथल्या लग्नांत जेवलो, तेच आता आपलं गाव. मूळ शोधायला देवदर्शनाला जरूर जा. राहायला मात्र जिथं रात्री अकराला कुणाचं दार वाजवायचं हे माहीत आहे, तिथं जा.

यावर म्हणाल, मग नवीन जागी कुणी जायचंच नाही का? जावं की. पण मग आधी दार वाजवायची सवय करावी. बैलपोळ्याला, जत्रेला, मयताला जावं. आपलं जे येतं ते गावाला द्यावं. मी अर्ज लिहून देतो, पीकविम्याचे आणि बचत गटाचे हिशेब बघतो. त्याला पैसे घेत नाही आणि उपकारही म्हणत नाही.

2018 पासून मी हिच्या मावशीच्या गावात राहतो, बेळगावपासून अठरा किलोमीटर. गल्लीतलं जुनं घर आणि गावाला लागून चौदा गुंठे. भात, त्यानंतर मसूर, परड्यात भाजी. तांदूळ आणि डाळ घरची, दूध शेजारचं, तेल दुकानातलं. डोंगर दिसत नाही, समोर शेजाऱ्याचा गोठा दिसतो. कुंपण नाही.

ही तीन वर्षांमागं गेली. तेरा दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. सकाळी कुणाकडून भाकरी, रात्री कुणाकडून भात. कुठल्या घरानं कधी काय दिलं ते मी सवयीनं वहीत लिहून ठेवलं. परत करायचं म्हणून. अजून पुरतं फिटलेलं नाही, आणि आता ते फिटू नये असंच वाटतं.

पोरा, ये एकदा. मे महिन्यात ये.